शेजाऱ्याची सावली

निसर्गाकडे पाहून माणसाने नीती शिकावी काय, हा प्रश्न फार जुना आहे. आणि त्याची सोयीस्कर उत्तरेही तितकीच जुनी आहेत. मुंगीकडून उद्योग शिकावा, मधमाशीकडून संचय शिकावा, वृक्षाकडून परोपकार शिकावा, असे आपण शाळेच्या पहिल्या पुस्तकापासून वाचत आलो. परंतु त्याच निसर्गाचा दाखला देऊन अगदी उलट गोष्टही सांगितली जाते. 'जंगलात पाहा,' असे सांगणारा भेटतो, 'झाड झाडाला मागे टाकूनच वर जाते. जो मागे राहिला तो सावलीत गेला आणि सावलीत गेला तो संपला. स्पर्धा हा सृष्टीचाच नियम आहे. तेथे दयामाया नाही, तर बाजारात कोठून असणार?' हा युक्तिवाद केवळ बाजारात ऐकू येतो असे नाही. मुलाला पंच्याऐंशी टक्के मिळाले आणि शेजारच्या मुलाला नव्वद, की तो चांगल्या, सुसंस्कृत घरांतूनही ऐकू येतो.

तेव्हा झाडे एकमेकांच्या शेजारी उभी असताना खरोखर काय करतात, हे एकदा नीट पाहावयास हवे. गेल्या सत्तर वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञांनी ह्या एका विषयाचा अतिशय बारकाईने अभ्यास केला आहे, आणि त्यातून निघालेले चित्र वरील युक्तिवाद करणाऱ्याला किंवा वृक्षाच्या परोपकाराचे गोडवे गाणाऱ्याला, दोघांनाही सोयीचे नाही.

दाट पेरलेली रोपे उंच आणि किडकिडीत होतात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. भाताची रोपे वेळेवर उपटून लावली नाहीत तर ती लांबतात, काडी बारीक राहते, फुटवे कमी येतात. आपण सहज म्हणतो की रोपे उजेडासाठी धडपडत आहेत. पण अंधार पडल्यावर उजेडाकडे धावणे वेगळे, आणि शेजारी उभा आहे हे ओळखून त्याची सावली पडण्यापूर्वीच वाढू लागणे वेगळे. वनस्पती ही दुसरी गोष्ट करतात.

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा आणि लाल भाग खाऊन टाकते. लाल रंगाच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक गडद लाल प्रकाश असतो; त्याला आपण दूरलाल म्हणू. पानाला त्याचा उपयोग नसल्यामुळे ते तो तसाच खाली जाऊ देते किंवा बाजूला परतवून लावते. मोकळ्या उन्हात लाल प्रकाश दूरलालपेक्षा थोडा अधिक, साधारण सव्वापट भरतो. दाट पालवीखाली मात्र हेच प्रमाण एकदशांशापर्यंत घसरते. थोडक्यात, शेजाऱ्याच्या पानावरून आलेला प्रकाश हा उष्टा प्रकाश असतो, आणि वनस्पतीला उष्टे ओळखता येते.

ही ओळख कशी पटते, ह्याचा पहिला धागा अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, बेल्ट्सव्हिल येथील शासकीय कृषी संशोधन केंद्रात सापडला. १९५२ साली बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूस ह्या पालेभाजीच्या भिजवलेल्या बियांवर लाल आणि दूरलाल प्रकाशाचे झोत आळीपाळीने टाकले. लाल झोत दिला की बी रुजे. त्यानंतर दूरलाल दिला की रुजणे थांबे. पुन्हा लाल दिला की पुन्हा रुजे. कितीही वेळा आलटून पालटून दिले, तरी बी शेवटच्या झोताचेच ऐके. बीच्या आत एखादी कळ असावी आणि ती दोन्ही बाजूंना फिरावी, तसाच हा प्रकार होता. १९५९ साली तिचे द्रव्य प्रयोगशाळेत ओळखता आले. त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले.

ही कळ शेजारधर्माच्या कामी कशी येते, हे दाखवणारा सर्वांत सुंदर प्रयोग १९९० साली ब्वेनोस आयरेस येथील बालारे, स्कोपेल आणि सांचेस ह्यांनी प्रसिद्ध केला. आपल्या धोतऱ्याच्या जातभाईची आणि मोहरीच्या कुळातील रोपे त्यांनी घेतली. ही रोपे इतर रोपांजवळ ठेवली, पण एवढ्या अंतरावर की कोणाचीच सावली कोणावर पडू नये. ऊन सर्वांना पूर्ण मिळत होते. तरीही रोपांचे खोड लांबू लागले. मग त्यांनी काही रोपांच्या खोडाभोवती मोरचुदाच्या पाण्याने भरलेली पारदर्शक नळी कंकणासारखी बसवली. मोरचुदाचे निळे पाणी दूरलाल प्रकाश अडवते. ज्यांना हे कंकण होते त्यांना शेजाऱ्यांचा पत्ताच लागला नाही. ती आपली निवांत वाढत राहिली. म्हणजे शेजाऱ्याने काही हिरावून घेतल्यामुळे रोप उंच होत नाही. तो आहे, आणि उद्या मोठा होईल, एवढ्या सुगाव्यावरच ते उंच होते.

येथे आपल्याला थोडे अस्वस्थ वाटले तर ते साहजिक आहे. शेजाऱ्याने अंगणात विटा उतरवल्या की आपल्याही मनात मजला चढतो, हा अनुभव कोणाला नाही?

रोपाच्या आत काय घडते तेही आता बरेच कळले आहे. लाल प्रकाशात फायटोक्रोम जागे होते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि वाढीची जनुके चालू करणाऱ्या काही प्रथिनांना तेथून हटवते. उष्ट्या प्रकाशात ते पुन्हा निद्रिस्त होते. मग ती प्रथिने टिकतात, जनुके उघडतात, पानांत ऑक्झिन हे संप्रेरक तयार होऊन खोडात उतरते आणि पेशी लांबू लागतात. मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस ही इवलीशी वनस्पती ह्या संशोधनाची पायाभूत साक्षीदार आहे. तिच्यात पाच प्रकारची फायटोक्रोमे आहेत आणि शेजारी ओळखण्याचे मुख्य काम त्यांतील 'बी' नावाचे करते. त्याचे जनुक बिघडलेली रोपे फार विचारात पाडतात. ती मोकळ्या जागेत, भर उन्हात, एकटी असली तरी आयुष्यभर गर्दीत असल्यासारखी वागतात: खोड लांब, पाने फिकी, फुलोरा लवकर. जेथे कोणी नाही तेथेही त्यांना प्रतिस्पर्धी जाणवतो.

ऑक्झिनबरोबर दुसरेही एक संप्रेरक ह्या कामात असते, जिबरेलिन. त्याच्या निमित्ताने एका धर्मबंधूची आठवण करणे अगत्याचे आहे. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल ह्यांनी वाटाण्याच्या उंच आणि ठेंगण्या जातींचा संकर केला, तेव्हा दुसऱ्या पिढीतील १०६४ रोपांपैकी ७८७ उंच आणि २७७ ठेंगणी निघाली. १८६६ साली त्यांनी ते छापले, आणि १९०० पर्यंत त्याचे मर्म जगाने ओळखले नाही. ती ठेंगणी रोपे ठेंगणी का होती, हे कळायला १९९७ साल उजाडावे लागले: जिबरेलिन कार्यक्षम करण्याची शेवटची पायरी ज्या जनुकाच्या हाती असते तेच त्यांच्यात दुबळे होते. मेंडेल मठाधिपती झाल्यावर कराच्या वादात आणि कारभारात त्यांची उमेद गेली; पण त्यांनी मोजलेली ती २७७ रोपे आपल्या ह्या विषयाच्या अगदी मध्यावर उभी आहेत. वनस्पतीच्या पेशीत वाढीला लगाम घालणारी काही प्रथिने असतात. जिबरेलिन तो लगाम सैल करते. शेजाऱ्याची चाहूल लागली की जिबरेलिन वाढते, लगाम सुटतो.

लगाम सुटण्याची किंमत मोजावी लागते. खोडासाठी लागणारे अन्न मुळांच्या आणि फुटव्यांच्या तोंडचे काढले जाते. कीड आणि रोग ह्यांच्याविरुद्धची रोपाची संरक्षणव्यवस्थाही ह्या काळात ढिली पडते, असे आढळले आहे. बारीक, लांब काडी वाऱ्याला टिकत नाही. मग रोप हा धोका का पत्करते? अमेरिकेतील डडली आणि श्मिट ह्या दोन संशोधिकांनी आपल्या तेरड्याच्या कुळातील एका रानफुलावर ह्याची परीक्षा घेतली आणि १९९६ साली निष्कर्ष मांडला. प्रकाशाची युक्ती वापरून त्यांनी काही रोपे लांब, काही आखूड वाढवली आणि दोन्ही प्रकारची रोपे दाटीत व विरळ जागी लावली. दाटीत लांब रोपांचे भले झाले. विरळ जागी मात्र आखूड रोपे सरस ठरली आणि लांब रोपे मागे पडली. तेव्हा उंच होणे हा रोपाचा हव्यास नव्हे. गर्दीत सापडलेल्याने गर्दीत करावयाचा तो एक महागडा, पण समंजस उपाय आहे. त्यात दोषही नाही आणि शौर्यही नाही.

पण शेत म्हणजे काही एक रोप नव्हे. एका रोपाने मान उंच केली की शेजारच्यावर सावली येते. मग तेही मान उंच करते. अखेर सारे शेत हातभर उंच होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारे ऊन पूर्वीइतकेच राहते. मधल्या काळात दाण्यासाठी ठेवलेले अन्न काडीत गेलेले असते. कोणीच काही चूक केली नाही, प्रत्येकाने आपल्यापुरते शहाणपणच केले, आणि सर्वांचे मिळून नुकसान झाले. माझ्या मते ह्या विषयातील खरा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो. पाप म्हटले की आपण पापी शोधतो. येथे पापी कोणी नाही, पण हानी आहे.

मनिला शहराच्या दक्षिणेस लोस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तेथे १९६२ साली इंडोनेशियाची उंच 'पेटा' आणि तैवानची ठेंगणी 'डी-जिओ-वू-जेन' ह्या दोन जातींचा संकर झाला, आणि १९६६ साली आयआर-८ हे वाण बाहेर पडले. उंच जातींना खत घातले की त्या माजत आणि दाणा भरताच लोळत. हे बुटके वाण उभे राहिले. १९६८ साली भारतात 'जया' आली आणि कोकणातल्या खाचरांतही बुटक्या भाताचे युग सुरू झाले. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग ह्यांनी गव्हाच्या बाबतीत हेच केले. त्यासाठी त्यांना १९७० चे शांततेचे नोबेल मिळाले. पुढे कळले की भाताच्या ठेंगणेपणामागे जिबरेलिन कमी करणारा एका जनुकातील दोष आहे, तर गव्हात तो लगामच असा घट्ट झाला आहे की जिबरेलिनला तो सुटत नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या चाहुलीने ज्या दोऱ्या ओढल्या जातात, त्यांतलीच एक दोरी माणसाने हाती धरली. (जुन्या उंच भाताची बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा पेंढा गुरांना पुरे, छपराला पुरे. आणि सखल खाचरात पाणी तुंबले तरी तो मान वर काढून राही. उंची ही नेहमीच बढाई नसते.)

ह्याच संस्थेतील जेनिंग्स ह्यांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याची चर्चा आयआर-८ इतकी झाली नाही, पण विचार करणाऱ्याला तो अधिक सतावतो. भाताच्या उंच आणि बुटक्या जाती त्यांनी वेगवेगळ्याही लावल्या आणि एकत्र मिसळूनही. वेगळ्या लावल्या तेव्हा बुटक्या जातींनी भरघोस पीक दिले, उंच जातींनी कमी. मिसळून लावल्या तेव्हा काही हंगामांतच बुटक्या जाती जवळजवळ नाहीशा झाल्या. जे आपल्यासारख्यांच्या संगतीत सर्वांत अधिक देत होते, तेच उंचांच्या संगतीत मारले गेले. त्याच वर्षी डोनाल्ड ह्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने पिकाचे आदर्श रोप कसे असावे ह्यावर लिहिताना म्हटले की ते स्पर्धेत दुर्बळ असले पाहिजे. तोवर पैदास करणारे लोक स्वाभाविकपणे शेतात उठून दिसणारे, शेजाऱ्यांहून तरतरीत रोप निवडीत. आणि असे रोप अनेकदा शेजाऱ्यांना लुबाडूनच तरतरीत झालेले असते.

आता 'स्पर्धा हा सृष्टीचा नियम' म्हणणाऱ्याकडे वळू. त्याची एक गोष्ट खरी आहे: मोकळे सोडले तर उंच जिंकतो. पण त्याने ज्याला विजय म्हटले त्याचे कोठार मोकळे असते, हे तो सांगत नाही. जंगलातील वृक्षाने आपल्या आयुष्याची कमाई खोडात घातली, ती त्याच्या शेजाऱ्यानेही घातली म्हणून. दोघांनाही त्या उंचीचे दुसरे प्रयोजन नव्हते. ह्याला नियम म्हणता येईल. ह्याला आदर्श कसे म्हणावे?

परंतु दुसऱ्या बाजूलाही सोडून चालणार नाही. आपल्याकडे संयमाचा उपदेश पुष्कळ होतो. लग्नात खर्च आवरा, मुलांना शर्यतीत उतरवू नका, साधे राहा. उपदेश चांगला आहे, आणि तो एकट्या घराला केला जातो. जेनिंग्स ह्यांच्या शेतातील बुटके भात ह्या उपदेशाला काय उत्तर देईल? ज्या घराने साधेपणाने लग्न लावले त्याच्या दुसऱ्या मुलीला विचारायला येणारे त्या मांडवाची आठवण ठेवून येतात. ज्या बापाने मुलाला शिकवणीला घातले नाही त्याचा मुलगा प्रवेशाच्या यादीत दोन गुणांनी खाली असतो. अशा बापाला लोभी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तो दाटीतला तेरडा आहे. उंचांच्या गर्दीत एकट्यालाच ठेंगणे राहा म्हणणे म्हणजे त्याला सावलीत जा म्हणणे. संतांना हे सांगता येते आणि ते स्वीकारतातही. चार लेकरांच्या संसारी माणसाला ते सांगण्यापूर्वी सांगणाऱ्याने आपली उंची पाहून घ्यावी.

रोपांना एक गोष्ट मुळीच करता येत नाही. त्यांना आपसांत वचन देता येत नाही. 'तू वाढू नकोस, मीही वाढणार नाही' असे एक रोप दुसऱ्याला कळवू शकत नाही. त्याला शेजारी कळतो तो फक्त एका रंगाच्या रूपाने, धोक्याची खूण म्हणून. बुटक्यांचे शेत शक्य झाले ते बाहेरून कोणी सर्वांचा लगाम एकदम घट्ट केला म्हणून. माणसांना मात्र असा बाहेरचा शेतकरी लागत नाही. ती एकत्र बसून बोलू शकतात. कित्येकदा बोलतातही, ठराव होतात, आणि तिसऱ्या लग्नाला मोडतात. तरीही हा फरक लहान नाही.

वनस्पतींच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१५ साली क्रेपी आणि कासाल ह्यांनी दाखवले की अरेबिडॉप्सिसची रोपे एका ओळीत सगोत्रांच्या शेजारी असली तर आपली पाने बाजूला वळवतात, एकमेकांवर सावली कमी पडू देतात, आणि सगळ्यांना मिळून बी अधिक धरते. परक्या वंशाचा शेजारी असेल तर असे वळणे दिसत नाही. ही ओळखही प्रकाशानेच, त्याच 'बी' फायटोक्रोमच्या आणि आणखी काही प्रकाशग्राहकांच्या मदतीने होते. हे वाचून आनंद होतो खरा, पण तो जपून करावा. भाऊबंदांसाठी अंग चोरणे रोपालाही जमते. आपल्या गोतापुरती, आपल्या आळीपुरती माया दाखवून आपण शेजारप्रीतीची आज्ञा पाळली असे समजत असू, तर आपण अद्याप वनस्पतींच्याच मुक्कामी आहोत. भल्या शोमरोनीचा दाखला ज्याला सांगितला गेला त्या शास्त्र्यालाही शेजारी कोण एवढेच विचारायचे होते, आणि उत्तरात त्याच्या गोतातला माणूस नव्हता.

सावलीला सगळ्याच वनस्पती भितात असेही नाही. उत्तर कोकणातील वाड्यांतून पानवेल सावलीतच पोसली जाते. रानाच्या तळाशी राहणाऱ्या कित्येक वनस्पती उष्ट्या प्रकाशात खोड न लांबवता, पाने पातळ आणि रुंद करून थोडक्यात भागवतात. वर जाण्याची शर्यत ही जगण्याची एक रीत आहे. ती एकमेव नाही, एवढे म्हणून हा भाग सोडू. कारण ज्याला ऊन हवेच आहे त्याला पानवेलीचे उदाहरण देऊन गप्प बसवणे हेही शहाणपणाचे नाही.

राहता राहिला एक प्रश्न, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. बियाण्यासाठी लावलेल्या भाताच्या शेतात फुलोऱ्यापूर्वी माणसे हिंडतात आणि भेसळीने उंच निघालेली रोपे मुळासकट उपटून टाकतात. तसे केले नाही तर ठेंगण्यांचे शेत ठेंगणे राहत नाही. मग माणसांच्या वस्तीत हे कोणी करायचे? मत्तयाच्या शुभवर्तमानात गहू आणि निदण ह्यांचा दाखला आहे. चाकर उपटायला निघतात आणि शेताचा धनी त्यांना थांबवतो. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल अशी त्याला भीती आहे. बियाण्याच्या शेतावरील कामगाराने ह्या धन्याचे ऐकले तर दोनचार हंगामांत वाण हातचे जाईल. उलट गावाने बियाण्याच्या शेताचा कित्ता गिरवला तर काय होते, हेही विसाव्या शतकात जगाने अनेक ठिकाणी पाहिले आहे: उंच डोकी कापून समता आणण्याचे ते प्रयोग होते, आणि उपटणाऱ्यांचे हात कोठे थांबले नाहीत.

तेव्हा आपल्या हाती उपटणे नाही; बोलून एकमेकांना शब्द देणे, एवढेच आहे. आणि त्या शब्दाचा अर्थ जो आधीच उंच आहे तो किती खाली येतो ह्यावर ठरतो, कारण ठेंगण्याने ठेंगणे राहण्याचे वचन दिले तर त्याला कोणी मोजत नाही. एखाद्या आळीत लग्नाच्या खर्चाविषयी चार घरांचे एकमत होते, सगळे मान डोलावतात, चहा होतो, आणि मग सर्वांचे लक्ष लागते ते ऐपतदार घरातले पहिले लग्न कधी निघते तिकडे.